आधी साबण, मग चौकशी

कुत्रं चावलेल्या माणसाला समाजाचा पहिला प्रश्न असतो, "कुठे?" पोटरीला किंवा हाताला चावलं असेल तर माणूस लगेच जागा दाखवतो. चावा त्याहून वर आणि मागच्या बाजूला बसला असेल, तर तो या प्रश्नाचं उत्तर भूगोलात देतो: "डेअरीपाशी." दुसरा प्रश्न, "तुम्ही काय केलंत?" म्हणजे चावल्यावर काय केलंत असं नव्हे, चावण्याआधी काय केलंत. कुत्र्याचं वकीलपत्र कुणीतरी आधीच घेतलेलं असतं. "तो कुणाला काही करत नाही हो," असं सांगणारा एक तरी गृहस्थ गर्दीत निघतोच, आणि ज्याला नुकतंच केलेलं आहे त्याच्याच तोंडावर तो ते सांगतो. तिसरा प्रश्न, "पिसाळलेलं होतं का?" चावण्यापूर्वी कुत्र्याने आपली प्रकृती कळवायला हवी होती, अशी यांची अपेक्षा असावी.

या तीन प्रश्नांची उत्तरं देईपर्यंत सहज पंधरा मिनिटं जातात. नेमकी हीच पंधरा मिनिटं वैद्यकशास्त्राने वेगळ्या कामासाठी राखून ठेवली आहेत. जखम धुवायची, साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूला स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबणापुढे ते टिकत नाही. करोनाच्या काळात हात धुऊन धुऊन आपण जे शिकलो, तेच इथे. शिवाय हा विषाणू घाईतला नाही. जखमेपाशी रेंगाळतो, मग जवळचा मज्जातंतू गाठतो आणि मेंदूच्या दिशेने पायी निघतो. पोटरीतून निघाला तर वाट लांबची, चेहऱ्यावरून निघाला तर अगदीच जवळची. तो दारात घुटमळतो आहे तोवर त्याला नळाखाली धरायचं, एवढंच. याला पैसे पडत नाहीत, आणि बहुधा म्हणूनच कुणाचा विश्वास बसत नाही.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत मोत्या नावाच्या कुत्र्याने एकाच संध्याकाळी दोघांना चावून हा विषय ऐरणीवर आणला. पहिले बँकेतून निवृत्त झालेले काका. ते भाजी घेऊन चालत येत होते. दुसरे तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब. ते स्कूटरवर होते. मोत्याचा राग पादचाऱ्यांवर आहे की वाहनांवर, यावर सोसायटीत अजून एकमत नाही.

काकांना बागेच्या नळापाशी बसवलं. पंधरा मिनिटं हा किती मोठा काळ आहे, हे पुण्यात उघड्या नळापाशी बसल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या मिनिटाला वॉचमन येऊन बघून गेला. पाचव्या मिनिटाला सेक्रेटरी आले. त्यांनी पाय पाहिला नाही, नळ पाहिला. "काका, होत आलं का? टाकी खाली जातेय." काकूंनी दिवाळीच्या बॉक्समधला चंदनाचा साबण आणला होता, तर काका रक्ताळलेला पाय धरून म्हणतात, "हा कशाला फोडलास? मोरीवरची झिजलेली वडी काय वाईट होती?" तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, अंगाचा साबण उपयोगाचा नाही, कपड्याचाच हवा, त्याला जोर असतो. यावर दोन्ही बाजूंनी मतं पडली. साबण कुठलाही चालतो. पण ते सांगायला मला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात स्वयंपाकघर खाली उतरलं होतं.

आपल्याकडे जखम झाली की ती आधी औषधाची नसते, फोडणीची असते. आजींनी हळदीचा डबा आणला. कुणीतरी लाल तिखट भरा म्हणालं, त्याने विष 'जळतं'. कांद्याचा रस, गोडं तेल, चुना, कॉफीची पूड, असे एकेक पदार्थ सुचत गेले आणि थोडा वेळ मिळाला असता तर काकांच्या पोटरीचा रस्सा झाला असता. यांतल्या कशानेही विषाणू मरत नाही. तिखटाने आणि चुन्याने जखम मात्र चांगली भाजून निघते, आणि मग डॉक्टरला ती धुवायला दुप्पट वेळ लागतो. वॉचमन उत्तरेकडचा. तो म्हणाला, आमच्याकडे सात विहिरींत डोकावून यायला सांगतात. पुण्यात आता सात विहिरी बुजवलेल्या सापडतील, डोकावण्याजोग्या सापडणं अवघड. त्यावर काकांनी पुन्हा तोंड उघडलं. "त्यापेक्षा इंजेक्शन घेतो," म्हणाले.

इंजेक्शन हा शब्द निघताच पन्नाशीपुढच्या सगळ्यांचे हात आपोआप पोटावर गेले. बेंबीभोवती चौदा. या पिढीचं बालपण त्या चौदांच्या धाकात गेलं. रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारू नये, याचं कारण भूतदया नव्हतं, बेंबी होतं. ही गोष्ट मात्र खोटी नाही. डेव्हिड सेम्पल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९११ साली हिमाचलातल्या कसौलीला जी लस तयार केली, ती मेंढ्यांच्या मेंदूपासून बनत असे. ती भरपूर प्रमाणात आणि रोजच्या रोज द्यावी लागे, आणि एवढा माल रिचवायला पोटाइतकी ऐसपैस जागा शरीरात दुसरी नाही. तिचे काही दुष्परिणामही वाईट होते. जगाने ती टाकली, आपण जरा उशिराने टाकली. २००५ सालापर्यंत ती भारतातूनही गेली. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या मुलांचा आणि त्या चौदा इंजेक्शनांचा काहीही संबंध उरलेला नाही. तरी आमचे आजोबालोक ती कथा अशा अभिमानाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, इंजेक्शनं यांनी घेतलेली नाहीत, जिंकलेली आहेत. "आता काय, दंडावर टोचतात. आमच्या वेळी..."

खरं तर रेबीजची लस ज्याला पहिल्यांदा टोचली त्यालाही चौदा घ्यावी लागली नव्हती. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पॅरिसमध्ये लुई पाश्चरच्या देखरेखीखाली लस द्यायला सुरुवात झाली. त्याला तेरा टोचण्यांत मोकळं केलं. पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता. आमच्या सोसायटीतही त्या संध्याकाळी नळाभोवती जमलेल्यांत डॉक्टर कुणीच नव्हतं. फरक इतकाच की पाश्चरने सुई धरायला डॉक्टर बोलावला होता.

वकीलसाहेबांनी दरम्यान स्वतंत्र मार्ग पत्करला होता. ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले, कंपाउंडरकडून एक इंजेक्शन टोचून आले आणि "झालं काम" म्हणून टीव्हीसमोर बसले. ते इंजेक्शन धनुर्वाताचं होतं. कुत्र्याच्या चाव्यानंतर ते घ्यायला हरकत काहीच नाही, बहुतेकदा देतातच. पण त्याचा रेबीजशी संबंध नाही. अशी अर्धवट समाधानाने घरी बसलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांना 'इंजेक्शन' घेतल्याचं आठवतं, कसलं ते आठवत नाही. दुसरा वर्ग "नुसता ओरखडा आहे हो" वाल्यांचा. नखाचा किंवा दाताचा ओरखडा उठला, रक्त आलं नाही, तरी लस लागतेच. रक्त आलं किंवा आधीच्या जखमेवर कुत्र्याने चाटलं, तर लसही लागते आणि आणखी एक गोष्टही, जिच्याकडे मी येतोच आहे. चांगल्या, अखंड कातडीवर नुसतं चाटलं असेल तर धुऊन टाकायचं, लस नको. मांजर आणि माकड यांनाही हेच लागू. माथेरानला भेळेसाठी माकडाशी झटापट केलेल्यांनी विशेष नोंद घ्यावी.

आता यात हसण्यासारखं नाही ते एकदाच सांगून टाकतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ नाही. माणसाला तहान असते आणि पाणी पुढे आलं की घसा आवळतो. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, क्वचित वर्षाच्या वरही. म्हणून "आठवडा झाला, मला तर काही झालं नाही" या विधानाला काडीचाही अर्थ नाही. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांच्या आसपास माणसं भारतातली असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ही सगळी माणसं टाळता येण्यासारख्या मरणाने जातात. उशीर झाला असेल तरीही लस घ्यायला जावं. गरोदर बाई असो, तान्हं मूल असो, लस सगळ्यांना देता येते.

वकीलसाहेबांना मी टीव्हीपुढून उठवलं. काका सरकारी दवाखान्यात गेले, वकीलसाहेब खाजगी. परत आले ते भांडत. काकांना दोन्ही दंडांवर कातडीच्या आत अगदी थेंबभर लस दिली होती आणि तारखा लिहून दिल्या होत्या: शून्य, तीन, सात, अठ्ठावीस. वकीलसाहेबांना एकाच दंडात, स्नायूत, अख्खी बाटली. तारखा: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. "तुम्हाला एक कमी दिलं," वकीलसाहेब म्हणाले. "तुम्हाला एकाच हाताला दिलं," काका म्हणाले. दोघांनी आपापले कागद काढून टीपॉयवर समोरासमोर मांडले. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. कातडीत देतात तेव्हा थोडक्या लसीत काम होतं आणि एका बाटलीत अनेकांचं भागतं, म्हणून सरकारी दवाखान्यांत ती जास्त चालते. पण थेंबभर औषधावर मराठी माणसाचा विश्वास बसणं कठीण. काकांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की सिस्टरने बाटलीतलं मागे ठेवलं.

'शून्यावा दिवस' हाही काकांना पटेना. चाळीस वर्षं बँकेत व्याज मोजलेला माणूस. "पहिला दिवस शून्य कसा? मग तिसरा दिवस म्हणजे गुरुवार की शुक्रवार?" पहिलं इंजेक्शन ज्या दिवशी टोचलं तो शून्य आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून, हे काकूंना एका वाक्यात कळलं. त्यांनी कालनिर्णयवर गॅस सिलिंडर आणि दुधाचे खाडे यांच्यामध्ये चार गोल करून टाकले.

आता ती राहिलेली गोष्ट. दात आत रुतला असेल, रक्त आलं असेल, तर नुसती लस पुरत नाही. लस शरीराला लढायला शिकवते आणि शिकायला दिवस लागतात. तोवर आयतं सैन्य लागतं. ते म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, तयार प्रतिद्रव्यं, जी थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. ती घोड्याच्या रक्तापासून बनवतात किंवा माणसाच्या. (कुत्रा चावला, आधीची लस मेंढीची, ही घोड्याची. या रोगात पशुसंवर्धन खात्याचा सहभाग पहिल्यापासून मोठा आहे.) मात्रा ठरते वजनावर: घोड्याची असतील तर किलोमागे ४० युनिट, माणसाची असतील तर २०. डॉक्टरांनी विचारलं, "वजन किती?"

वकीलसाहेबांचं अधिकृत वजन गेली अनेक वर्षं ७२ किलो आहे. विम्याच्या अर्जावर तेच, मुलाच्या लग्नात शेरवानी शिवताना शिंप्यालाही त्यांनी तेच सांगितलं होतं. "बहात्तर," ते म्हणाले. शेजारी वहिनी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. डॉक्टर फक्त म्हणाले, "काट्यावर उभे राहता का जरा?" कुत्रा चावला तेव्हा वकीलसाहेब नुसते ओरडले होते. काट्यावरचा आकडा सिस्टरने मोठ्याने वाचला तेव्हा मात्र त्यांचा चेहराच पडला. घरी आल्यावर पोटरीबद्दल कुणीच विचारलं नाही.

दोघांच्याही जखमेवर डॉक्टरांनी पट्टी बांधली नाही, टाकेही घातले नाहीत. धुतलं, आयोडीन लावलं, उघडं ठेवलं. असल्या चाव्याला लगेच टाके घातले की विषाणू आत ढकलला जाण्याची भीती, म्हणून शक्यतो टाळतात. पण पट्टी नसल्यामुळे समाजात फार अडचण होते. दोन छोटी भोकं आणि पिवळा डाग दाखवून किती सहानुभूती मिळणार? काकांनी दुसऱ्या दिवशी लंगडायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी ते चुकून दुसऱ्या पायाने लंगडताना दिसले. पथ्याबद्दल मात्र गावभर खलबत झालं. वांगं बंद, आंबट बंद, अंडं बंद, पावटा बंद. डॉक्टरांनी जेवणाचं काहीच पथ्य सांगितलं नव्हतं. ते काकूंना इतकं संशयास्पद वाटलं की त्यांनी डॉक्टरांची डिग्री विचारून घेतली.

तिकडे मोत्याची बडदास्त सुरू झाली. चावलेल्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस नजर ठेवायची असते. लाळेत विषाणू उतरला असेल तर ते जनावर त्या मुदतीत आजारी पडतं आणि मरतं. दहा दिवस ठणठणीत राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. इंजेक्शन मात्र दहा दिवस थांबून नाही, लगेच सुरू करायचं. अडचण अशी की आमच्या गल्लीत मोत्याच्या रंगाची चार कुत्री आहेत. ओळखपरेड झाली. काकांनी एकाला ओळखलं, वकीलसाहेबांनी दुसऱ्याला, आणि दोघेही शपथेवर. शेवटी कान कापलेला तो मोत्या, असं ठरलं. नसबंदी करून सोडलेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करतात. "मग लस दिलेलीच असणार, घाबरायचं कारण नाही," असं सेक्रेटरी म्हणाले. पण खूण एकदाच करतात, लस दर वर्षी द्यावी लागते, आणि मोत्याचा कान कोणत्या साली कापला याची नोंद कुणाकडेच नव्हती.

त्या दहा दिवसांत माणूस आणि कुत्रा यांच्यातलं नातं पार उलटं झालं. चावा बसलेला माणूस पहाटे उठून चावणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी करायला खाली उतरू लागला. मोत्या बिस्किटं खातोय का? पाणी पितोय का? एके दिवशी तो दुपारी झोपून राहिला तर काकांना घाम फुटला. त्यांनी त्याला चप्पल वाजवून उठवलं, तो गुरगुरला, आणि काका समाधानाने म्हणाले, "छान आहे तब्येत." वकीलसाहेबांनी तर दहाव्या दिवशी त्याला पेढा दिला. मी पंचेचाळीस वर्षांच्या संसारातही नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी एवढी कळकळ पाहिलेली नाही.

मग सोसायटीची सभा झाली, ती व्हायचीच होती. श्वानप्रेमी एका बाजूला, त्रस्त दुसऱ्या बाजूला. नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, हा दाखला बी विंगमधल्या ताईंनी दिला. वकीलसाहेब उठून म्हणाले, "नामदेव कुत्र्यामागे धावले होते. आमच्या मागे कुत्रा धावला." सर्वोच्च न्यायालयाचा विषय निघणं भागच होतं. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश झाला आणि २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची नसबंदी व लस देऊन पुन्हा जागेवर सोडा असा झाला. दोन्ही बाजूंनी आपल्याला सोयीची तारीख पाठ केली होती. मला यात नवल वाटलं नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायची मोहीम काढली तेव्हा पारशी मंडळींनी दंगल केली होती. हा वाद आमच्या सोसायटीपेक्षाच नव्हे, महानगरपालिकेपेक्षाही जुना आहे. गोव्याने मात्र वाद बाजूला ठेवून वर्षानुवर्षं कुत्र्यांनाच लस टोचली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. आमच्या सोसायटीतले निम्मे लोक दर डिसेंबरला गोव्याला जातात. परत येताना जे आणतात त्यात ही कल्पना नसते. सभेत ठराव एवढाच झाला की बागेच्या नळाला कुलूप लावावं. मी विरोधात मत दिलं. एकट्याने.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी काकांबरोबर शेवटच्या इंजेक्शनला गेलो. सिस्टर आता त्यांना चांगल्या ओळखत होत्या. टोचून झाल्यावर त्यांनी कार्ड हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे जपून ठेवा काका, लॅमिनेट करा. पुढच्या वेळी कुत्रं चावलं तर दोनच घ्यावी लागतील, शून्य आणि तीन. आणि ते जखमेतलं इंजेक्शनही लागणार नाही."

काकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मागे नियम-अटी छापल्या आहेत का, ते बघितलं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं,

"ही सवलत कुटुंबाला लागू आहे का?"